गच्चीवरचं लोखंड

ड्रिलच्या टोकाखालून लाल भुकटी बाहेर आली आणि मी काम थांबवायला सांगितलं. डोंबिवली पूर्वेला आमची तळमजला अधिक चार मजल्यांची, तीस वर्षं ओलांडलेली इमारत. पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल कमी व्हावं म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव झाला आणि गच्चीवर पाच किलोवॉटचं सौर संयंत्र बसवायचं ठरलं. सामान वर चढलं. जिन्याच्या भिंतीला टेकून उभी केलेली पॅनेल सगळ्यांनी येता-जाता हात लावून पाहिली. स्टँडच्या पायांकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. ते रोवायला सुरुवात झाली आणि पहिल्याच भोकातून विटेचा चुरा वर आला.

"अजून खोल जाऊ द्या," मी म्हटलं. चार इंचांचा बिट पूर्ण आत गेला. भुकटी लालच.

"काका, पक्कं बसतंय. आमची सगळी कामं अशीच असतात," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. बरीचशी कामं खरोखरच अशी होतात, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या जुन्या गच्चीवर आपण ज्यावर उभे राहतो तो स्लॅब नसतो, कोबा असतो. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून, पाणी मोरीकडे वाहावं असा उतार देत, वर गुळगुळीत थर किंवा चायना मोझेकचे तुकडे. मोरीपाशी तो दोन-अडीच इंच असतो, गच्चीच्या मध्यावर पाच-सहा इंचही भरतो. त्याच्या खाली खरा काँक्रीटचा स्लॅब, साधारण साडेचार-पाच इंचांचा. कोब्याचं काम पाणी अडवण्याचं आणि उन्हाची धग कमी करण्याचं. कशाला धरून ठेवणं हे त्याचं काम नव्हे. विटेचा तुकडा ठिसूळ; त्यात पसरणारा अँकर बोल्ट आवळला की वीट आतल्या आत फुटते आणि वरून मात्र नट घट्ट लागतो. म्हणून भुकटीचा रंग पाहायचा. लाल आली तर आपण कोब्यात आहोत. राखाडी आली म्हणजे काँक्रीट लागलं. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही, फक्त त्या वेळी गच्चीवर हजर असावं लागतं.

आमच्या हातातल्या कोटेशनमध्ये पॅनेलची कंपनी, वॅट, इन्व्हर्टरचं मॉडेल, वायरची जाडी, सगळं ओळीओळीने लिहिलेलं होतं. ज्यावर हे सगळं उभं राहणार त्याबद्दल एकच ओळ होती: जीआय स्ट्रक्चर, एक नग. 2024 च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडे गच्चीवरच्या सौर विजेची चौकशी खूप वाढली. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30,000 रुपये, तिसऱ्यासाठी 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळतं. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000. हे आकडे आता सोसायटीच्या प्रत्येक सेक्रेटरीला पाठ आहेत. अनुदानासाठी पॅनेल देशी बनावटीची हवीत, हेही माहीत असतं. कामाच्या किमतीत घासाघीस सुरू झाली की पॅनेलला हात लावता येत नाही, इन्व्हर्टरला लावता येत नाही. कात्री लागते ती लोखंडाला. पत्रा थोडा पातळ होतो, पाय दोनने कमी होतात, आडवे-तिरपे आधार गळतात. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

या लोखंडाची भाषा आधी समजून घेऊ. गच्चीला टेकतो तो पाय, त्याच्या तळाशी चौकोनी बेस प्लेट. पायांच्या डोक्यावरून तिरपा जातो तो राफ्टर, त्याला आडवे जातात ते परलिन. पाय हलू नयेत म्हणून दोन पायांमध्ये तिरपी पट्टी, तिला ब्रेसिंग म्हणतात. परलिनवर पॅनेल ठेवतात आणि क्लॅम्पने दाबून धरतात. दोन पॅनेलांच्या मधला तो मिड क्लॅम्प, ओळीच्या टोकाचा तो एंड क्लॅम्प. आपल्या कौलारू घराला वासे आणि रिपा असत, तोच संसार इथे लोखंडात मांडलेला आहे. फरक एवढाच की कौलांचं छप्पर वाऱ्याला वाट करून द्यायचं. पॅनेलची काच ती देत नाही.

वाऱ्याची गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी. पाचशे चाळीस वॅटचं आजचं एक पॅनेल साधारण 2.28 मीटर लांब आणि 1.13 मीटर रुंद असतं. क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या वर, वजन 28 किलोच्या आसपास. दोन माणसं ते सहज उचलतात, म्हणून सगळ्यांना प्रश्न पडतो तो वजनाचा: एवढं ओझं गच्ची पेलेल का? वजन ही यातली लहान बाब आहे. लोकांची ये-जा असलेली गच्ची चौरस मीटरला दीडशे किलोचा भार धरून आखलेली असते, आणि पॅनेल व स्टँड मिळून सरासरी वीस-पंचवीस किलो भरतात. खरा प्रश्न उलटा आहे. वारा ते वर उचलू पाहील तेव्हा खाली कोण धरणार?

भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात देशाचा वाऱ्याचा नकाशा आहे. त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. ठाणे जिल्ह्याचा हा भाग मुंबईला लागूनच, त्याच वाऱ्याच्या वाटेवर. वेगावरून दाब काढायची रीत सोपी: वेगाचा वर्ग करायचा आणि 0.6 ने गुणायचं. 44 चा वर्ग 1,936. दाब येतो चौरस मीटरला सुमारे 1,160 न्यूटन, आपल्या भाषेत 118 किलो. एका पॅनेलवर तीनशे किलो! अठ्ठावीस किलोच्या वस्तूवर तीनशे किलोची ओढ. आमच्या दहा पॅनेलांचा हिशेब तीन टनांवर जातो. इमारत बुटकी आणि वस्ती दाट असली तर हा आकडा थोडा उतरतो. गच्चीच्या कडेला आणि कोपऱ्यांवर मात्र तो वाढतो, कारण भिंतीवर आदळून वर उसळलेला वारा तिथेच वळसा घेतो. घोडबंदर रोडच्या पंचवीस मजली टॉवरवर, एका बाजूला खाडी मोकळी आणि दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर, तिथे वेगाचा आकडा उंचीबरोबर वर जातो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. डोंबिवलीच्या चार मजल्यांसाठी केलेलं स्टँड तिथे जसंच्या तसं नेऊन चालत नाही.

13 मे 2024 ची दुपार इथल्या कोणाला विसरता येणार नाही. धुळीचं वादळ आलं, आभाळ पिवळं झालं, कल्याण-डोंबिवलीत झाडं पडली आणि पत्रे उडाले. त्याच वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला आणि सतरा माणसं गेली. त्या दिवशीचा वारा ताशी 87 किलोमीटरचा होता. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी तपासणी करून जो अहवाल दिला त्यात म्हटलं होतं की त्या फलकाचा पाया ताशी 49 किलोमीटरचाच वारा सोसू शकला असता. हवा होता 158 चा. वर काढलेला 44 मीटरचा आकडा तो हाच. 49 आणि 158 यांत फरक तिपटीचा वाटतो, पण दाबाच्या हिशेबाने तो दहापट आहे. फलक आणि पॅनेल यांची जात एकच: मोठा सपाट पृष्ठभाग, खाली बारीक पाय, आणि सगळा भरवसा पायथ्याच्या धरणीवर. कोटेशनमध्ये बहुधा 'ताशी 150 किलोमीटर वाऱ्याला टिकेल' असं छापलेलं असतं. मुंबईच्या आकड्यापेक्षा ते थोडं कमीच आहे, आणि टिकेल म्हणजे काय टिकेल हे विचारायला हवं. लोखंडी सांगाडा टिकेल, की तो ज्यात रोवलाय तो कोबाही टिकेल?

दिशेचाही विचार करावा लागतो. आपली पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरपी असतात, उत्तरेची कड वर. नैऋत्येचा पावसाळी वारा समोरून येतो, त्यामुळे तो पॅनेलला बऱ्याच अंशी खाली दाबतो. मे महिन्यातलं आणि ऑक्टोबरातलं वळवाचं वादळ मात्र बऱ्याचदा मुरबाडच्या, सह्याद्रीच्या बाजूने उतरतं. ते मागून येतं, वर उचललेल्या कडेखाली शिरतं आणि पॅनेलला पतंगासारखं धरतं. पावसाळाभर तग धरलेलं स्टँड वळवाच्या एका तासात उखडतं ते यामुळे. पॅनेलच्या चाचण्यांतही हा भेद दिसतो. समोरून 5,400 पास्कलचा दाब सोसेल असं बहुतेक कंपन्या लिहितात, मागून 2,400 चा. पाठ नेहमीच नाजूक असते.

मग धरायचं कसं? एक रस्ता वजनाचा: पायाखाली काँक्रीटचे ठोकळे ठेवायचे, गच्चीला भोक नको. एक फूट लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा पासष्ट-सत्तर किलो भरतो. आमचे बारा पाय होते, म्हणजे सव्वाआठशे किलो. पॅनेल आणि लोखंडाचे सहाशे. सगळं मिळून दीड टनाच्याही खाली, आणि ओढ तीन टनांची. निम्म्याने कमी पडलो. ठोकळे दुप्पट करावे तर जुन्या स्लॅबवर भलत्या जागी एकवटलेला भार येतो. नुसता ठेवलेला ठोकळा वाऱ्याच्या आडव्या रेट्याने सरकतोही. लहान कोनाच्या, भिंतीआड दडलेल्या, खाली बसक्या रांगांना ही पद्धत चालते. डोक्याएवढ्या उंच स्टँडला नाही.

दुसरा रस्ता स्लॅबला धरायचा, आणि तोच आम्ही घेतला. पण तो नीट घ्यावा लागतो. पाय शक्यतो कॉलम आणि बीमच्या रेषेवर आणायचे; वरून ती रेषा दिसत नाही, शेवटच्या मजल्यावरच्या घरात जाऊन बीम मोजावे लागतात. मग त्या जागेपुरता कोबा चौकोनी कापून काढायचा, खालचा स्लॅब उघडा करायचा, ब्रशने आणि हवेच्या फुंकरीने भोकातली भुकटी पूर्ण काढून केमिकल अँकर भरायचा. भुकटी राहिली तर रसायन काँक्रीटला चिकटण्याऐवजी धुळीला चिकटतं. ते सुकायला हवा तितका वेळ द्यायचा, त्याआधी नट आवळायचा नाही. त्यावर सळ्यांसह पेडेस्टल ओतायचं, त्याची कड गच्चीच्या पृष्ठभागापासून चांगली वर ठेवायची आणि कापलेल्या कोब्याच्या सांध्यात गोलाई देऊन वॉटरप्रूफिंग चढवायचं. सगळं झाल्यावर मोरी बंद करून गच्चीत पाणी कोंडून ठेवायचं आणि खालच्या घरातलं छत दोन-तीन दिवस पाहायचं. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. एका पायाजवळची केसाएवढी फट तेवढ्या पावसात चौथ्या मजल्यावरच्या बेडरूमपर्यंत पोचते, आणि मग सोसायटीत सौर ऊर्जेचं नाव काढायची सोय राहत नाही.

इमारत जुनी असेल तर याच्याही आधी संरचनात्मक लेखापरीक्षण, म्हणजे आपलं स्ट्रक्चरल ऑडिट. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला ते पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा करायचंच असतं. तोच अहवाल स्टँडच्या आराखड्यासोबत इंजिनिअरच्या पुढ्यात ठेवावा. ज्या इमारतीच्या सळ्या गंजून छताचे पोपडे पडताहेत, तिथे आधी दुरुस्ती करावी. पंचवीस वर्षांचं संयंत्र त्यावर चढवायची घाई करू नये.

स्टँड उंच घ्यावं की बसकं, यावर आमच्या सभेत बराच वाद झाला. उंच स्टँडला लोखंड जास्त लागतं, वाराही जास्त खातं. तरी मी उंचाच्या बाजूने होतो, आणि आजही आहे. इथली गच्ची मोकळी जागा नसते. पापड वाळतात, कपडे वाळतात, लग्नाचा मांडव पडतो, कोजागरीला दूध आटवतात. शिवाय सात-आठ वर्षांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुन्हा करावंच लागतं. बसक्या रांगांखाली गवंडी शिरू शकत नाही, सगळं सोडवून उतरवावं लागतं. खालून हवा खेळली की पॅनेल थंड राहतं हाही फायदा. मेच्या उन्हात पॅनेलचं अंग साठ अंशांच्या वर तापतं, आणि पंचवीसच्या पुढच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते.

आता गंजाकडे वळतो. यासाठी कुठे प्रयोगशाळेत जायला नको. या शतकाच्या पहिल्या दशकात कल्याण-डोंबिवली महापालिकेने नव्या इमारतींना सौर बंब बंधनकारक केले. पुढे केंद्राच्या सौर शहर कार्यक्रमात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं निवडली गेली. त्या बंबांतले कितीतरी आज बंद आहेत, पण त्यांचे अँगलचे स्टँड गच्च्यांवर उभे आहेत. हेच आपल्या हवेचे साक्षीदार. एखादं स्टँड जवळ जाऊन पाहा. पट्टीचा सपाट भाग बरा असतो. गंज धरतो तो वेल्डिंगच्या सांध्याला, कापलेल्या टोकाला, बोल्टच्या भोकाला आणि पाणी साचतं त्या तळाला. आमच्याकडच्या एका बंबाच्या पायाला मी नखाने टोकरलं तर पापुद्रा निघाला, खाली पुन्हा पापुद्रा, आणि आत पेन्सिलीएवढा लोखंडाचा गाभा उरला होता.

त्यावरचा उपाय म्हणजे जस्त. आपल्या आज्या पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायच्या, तशी ही लोखंडाची कल्हई. पण जस्त नुसतं झाकत नाही. थोडा ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणून प्रश्न एकच: झिजायला जस्त किती आहे? इथे 'जीआय' हा शब्द आपल्याला फसवतो, कारण त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. एक, तयार सांगाड्याचे भाग कापून, भोकं पाडून, मग 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुचकळलेले. त्यावर 80 मायक्रॉनच्या आसपास थर बसतो. दुसरी, कारखान्यातच पातळ जस्त चढवून आलेल्या पत्र्यापासून दुमडलेल्या पट्ट्या. बाजारात सहज मिळणाऱ्या पत्र्यावर चौरस मीटरला 120 ग्रॅम जस्त असतं, तेही दोन्ही बाजू मिळून. एका बाजूला साठ ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेआठ मायक्रॉन.

आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे गंजाच्या दृष्टीने वर्ग पाडले आहेत. कारखान्यांच्या दमट किंवा किनाऱ्याजवळच्या हवेत, म्हणजे सी-4 वर्गात, जस्त वर्षाला दोन ते चार मायक्रॉन झिजतं. त्यावरच्या सी-5 मध्ये चार ते आठ. ठाण्याच्या खाडीकाठाला आणि आमच्या डोंबिवलीला मी सी-4 च्या खाली ठेवणार नाही. एमआयडीसीच्या परिसरात 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता, 2020 च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला होता. अशी हवा श्वासात घेणाऱ्या माणसांचा प्रश्न फार मोठा आहे, त्यापुढे लोखंडाचं काय; पण जी रसायनं आपल्या फुप्फुसात जातात तीच गच्चीवरच्या जस्तावर बसतात. आता भागाकार करा. 80 मायक्रॉन, वर्षाला दोन ते चार: वीस ते चाळीस वर्षं. साडेआठ मायक्रॉन, त्याच झिजेने: दोन ते चार वर्षं. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची आहे. दोन्ही वस्तू नव्या असताना सारख्याच राखाडी दिसतात, दोन्हींची पावती 'जीआय' अशीच होते. फरक कळतो तो जाडी मोजायच्या लहानशा यंत्राने. ते लोखंडाला टेकवलं की पडद्यावर मायक्रॉन उमटतात. ठेकेदाराकडून ते मागवा, आणि कोटेशनमध्ये 'बुचकळून जस्त चढवलेलं, किमान 80 मायक्रॉन' असे शब्द लिहून घ्या.

शब्द लिहून घेतले तरी गच्चीवर वेल्डिंग होऊ देऊ नका. जस्त 907 अंशांना उकळतं. वेल्डिंगची ठिणगी त्याच्या कितीतरी वर जाते, त्यामुळे सांध्याभोवतीचं जस्त पांढऱ्या धुरासारखं उडून जातं. तो धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीलाही वाईट. वर चंदेरी रंगाचा हात मारला की सांधा सुंदर दिसतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथूनच तांबडा ओघळ सुरू होतो. चांगलं स्टँड नटबोल्टने जोडायचं असतं. जागेवर एखादं भोक पाडावंच लागलं तर त्याच्या कडेला जस्ताचं प्रमाण भरपूर असलेला रंग लगेच लावायचा. नटबोल्ट 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणाऱ्या चकचकीत बोल्टवर जस्ताचा नुसता वास असतो. तो गंजला की पान्यात फिरत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी कापावाच लागतो.

क्लॅम्प ही यातली सर्वांत लहान वस्तू, तळहातावर चार मावतील एवढी. तीनशे किलोची ओढ शेवटी तिच्याच ओठाने धरलेली असते. हा ओठ पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर जेमतेम सेंटिमीटरभर टेकतो. एंड क्लॅम्पची उंची चौकटीच्या जाडीशी तंतोतंत जुळायला हवी. पॅनेल 35 मिलिमीटरचं आणि क्लॅम्प 40 चा असेल तर तो तिरका बसतो, हाताला घट्ट लागतो, आणि वाऱ्याच्या थरथरीत हळूहळू सुटतो. क्लॅम्प कुठे लावायचा याच्या खुणा पॅनेलच्या माहितीपत्रकात असतात, लांब कडेच्या साधारण चौथ्या हिश्शावर. मनाला येईल तिथे लावला तर वाऱ्यात चौकट वाकते आणि काच तडकते. आवळायचं तेही टॉर्क पान्याने, ठरलेल्या जोराने. कमी आवळलं तर सुटतं, जास्त आवळलं तर चौकट दबते. आणि एक बारीक गोष्ट. पॅनेलच्या चौकटीवर रंगासारखा जो थर असतो तो वीज वाहू देत नाही. त्यामुळे नुसतं लोखंडाला टेकलं म्हणून अर्थिंग झालं असं होत नाही; थर खरवडून आत चावणारे दातेरी वॉशर लावावे लागतात, नाहीतर स्वतंत्र तार ओढावी लागते. वळवाच्या विजा पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

गच्चीवर आधीच पत्र्याची शेड असेल तर गणित बदलतं. कल्याण-डोंबिवलीत गळतीवर उपाय म्हणून अशा शेड शेकड्यांनी उभ्या आहेत, आणि त्यांच्यावरच पॅनेल आडवी टाकायचा मोह होतो. शेडचे खांब कुठे रोवलेत? बहुतेक वेळा कोब्यातच. पाइप आतून गंजलेले असतात, वरून तैलरंग ताजा. शेडची ताकद तपासली आणि पटली, तर पट्ट्या पत्र्याच्या उंचवट्यावर स्क्रू करायच्या, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. स्क्रू खालच्या परलिनमध्ये उतरायला हवा, रबरी वॉशरसह. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर, म्हणजे ॲस्बेस्टॉसवर, पॅनेल लावूच नयेत असं माझं मत आहे. ते पायाखाली अचानक तुटतात, आणि त्यांना भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. गावठाणातल्या मंगलोरी कौलांच्या घरांना मात्र चांगली सोय आहे: कौल सरकवून हूक थेट वाशाला स्क्रू करायचा आणि कौल परत बसवायचं. कौल फुटत नाही, भोक पडत नाही, फक्त वासा वाळवीचा नसावा.

कोनाबद्दल लोक फार काटेकोर असतात, तेवढी गरज नाही. आपण 19.2 अंश उत्तरेला आहोत. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर येतो, मधल्या काळात तर तो उत्तरेला असतो. त्यामुळे दहा ते वीस अंशांत कुठेही थांबलात तर वर्षाच्या विजेत फारसा फरक पडत नाही. महिन्याला किलोवॉटमागे शंभर ते एकशेवीस युनिट मिळतात. उलट कोन जितका कमी तितका वारा कमी लागतो. दहाच्या खाली मात्र जाऊ नये, कारण मग खालच्या कडेला चिखलाची रेघ साचते आणि पाऊस ती धुऊन काढत नाही. जास्त जपायचं ते सावलीला. डिसेंबरच्या अखेरीस सकाळी नऊला सूर्य जेमतेम 22 अंश वर असतो. दोन मीटर उंच टाकीची सावली तेव्हा पाच मीटरच्या आसपास जाते. जागा ठरवायला डिसेंबरातली सकाळ घ्या, मे महिन्यातली दुपार नको. आणि स्टँडखाली जाळी लावा. ठाण्यातली कबुतरं ती जागा एका हंगामात ताब्यात घेतात, आणि त्यांची विष्ठा काचेवर आणि जस्तावर, दोन्हींवर बसते.

आमचं काम तीन आठवडे थांबलं. ठेकेदार आधी नाराज झाला, मग बसून बोलला. इंजिनिअरने चौथ्या मजल्यावरच्या तीन घरांत जाऊन बीम मोजले आणि बारापैकी आठ पायांच्या जागा बदलल्या. ब्रेसिंग वाढलं. लोखंडाचा खर्च वाढला, तो सभेत मंजूर करून घ्यायला मला दोनदा उभं राहावं लागलं. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी त्यांच्या छताखाली आधीच बादली मांडून ठेवली होती. पाणी कोंडलं त्या तीन दिवसांत त्या सकाळ-संध्याकाळ बादली पाहून वर निरोप पाठवायच्या.

कोबा कापून पहिलं भोक पाडलं तेव्हा मी पुन्हा तिथे उकिडवा बसलो होतो. अर्धा इंच जाईपर्यंत काही नाही. मग ड्रिलचा आवाज बदलला, जड झाला, आणि बिटाच्या भोवती राखाडी भुकटीचं कडं जमायला लागलं. तोच माणूस, ज्याने मला पक्कं बसतंय म्हणून सांगितलं होतं, त्याने चिमूटभर भुकटी बोटांत घेऊन माझ्या तळहातावर ठेवली.